उत्तर स्कॉटलंडचा छोटा चषक: तुम्ही पाहिलेले सामने, तुमचे अनुभव

मंडळी, स्कॉटलंडच्या फुटबॉलचा विषय निघाला की आपली गाडी ग्लासगोच्या दोन बड्या क्लबांवरच (सेल्टिक आणि रेंजर्स) अडते. हा धागा त्यांच्यासाठी नाही. डोंगर ओलांडून उत्तरेला आलं की जे छोटे क्लब लागतात, त्यांची बाद फेरीची एक स्पर्धा आहे, ‘नॉर्थ ऑफ स्कॉटलंड कप’. १८८०च्या दशकाच्या अखेरीपासून चालत आली आहे, म्हणजे १८९३ साली सुरू झालेल्या हायलँड लीगपेक्षाही जुनी. विक, ब्रोरा, नेर्न, फॉरेस, लॉसीमथ, रॉथिस, ग्रँटाउनचा स्ट्रॅथस्पे थिसल, इन्व्हरनेसचा क्लॅकनाकडिन (इथे सगळे नुसतं ‘क्लॅक’ म्हणतात) असे क्लब यात खेळतात. त्याच लीगच्या पूर्वेकडच्या क्लबांसाठी ॲबर्डीनशायर कप वेगळा. शिवाय पूर्वी हायलँड लीगमध्ये असलेले आणि आता वरच्या राष्ट्रीय लीगमध्ये गेलेले रॉस काउंटी आणि एल्गिन सिटी, तसंच हायलँड लीगमधल्याच दोन क्लबांना एकत्र करून झालेला इन्व्हरनेस कॅलेडोनियन थिसल, हेही उत्तरेच्या कपात उतरतात.

मी क्लॅकच्या ग्रँट स्ट्रीट पार्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. मला ही स्पर्धा एका कारणासाठी मोलाची वाटते. लीगमध्ये तळाला असलेल्या क्लबाचं भवितव्य डिसेंबरपर्यंत ठरून जातं, पण इथे दोन सामने जिंकले की उपांत्य फेरी. गावाला एवढं पुरतं. पहिल्या फेऱ्या बहुतेक हंगामाच्या सुरुवातीलाच, आठवड्याच्या मधल्याच एखाद्या संध्याकाळी असतात. ऑगस्टच्या सुरुवातीला इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा कामावरून घरी येऊन, जेवून, पोरांना घेऊन जाता येतं.

माझ्या शेजारचे आजोबा जुने कॅलेडोनियनवाले. १९९४ साली कॅलेडोनियन आणि इन्व्हरनेस थिसल हे हाडवैरी क्लब एकत्र केले गेले, कारण त्याशिवाय राष्ट्रीय लीगमध्ये जागा मिळण्याची शक्यता कमी होती. शहराचा त्यात फायदाच झाला. नव्या क्लबानं २००० साली सेल्टिकला त्यांच्याच मैदानावर ३-१ असं हरवलं, २०१५ साली स्कॉटिश कप जिंकला. आजोबांना हे सगळं मान्य आहे, तरी नव्या क्लबाच्या सामन्याला ते गेले नाहीत. टेलफर्ड स्ट्रीटवरच्या जुन्या कॅलेडोनियनच्या मैदानाच्या जागी आता दुकानं आहेत. उत्तरेचा कप आला की मात्र ते माझ्याबरोबर क्लॅकला येतात, कठड्याला रेलून उभे राहतात आणि पूर्वीचे सामने मिनिटामिनिटानं सांगतात.

तुम्ही कुठे पाहिलेत हे सामने? कोणी नेलं? काय लक्षात राहिलं? सविस्तर लिहा.

विकहून

चांगला धागा, दादा. अंतराबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं होतं, म्हणून मीच लिहिते.

आम्ही विकमध्ये राहतो. इथून इन्व्हरनेस शंभर मैलांहून थोडं जास्त. फोर्ट विल्यम त्याच्याही पुढे पासष्ट मैल. विक अकॅडमी १९९४ मध्ये हायलँड लीगमध्ये आली, तेव्हापासून हा प्रवास त्यांच्या पाचवीलाच पुजलेला आहे. शनिवारचा सामना असेल तर सकाळी निघता येतं. पण कपाचा सामना मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी आणि तोही परगावी असला, की दुपारीच बस सुटते. हे खेळाडू पगारी व्यावसायिक नव्हेत. कोणी सुतार, कोणी शाळेत शिक्षक, कोणी बोटीवर. प्रत्येकाला अर्धा दिवस सुट्टी मागावी लागते. परत यायला रात्रीचा एक-दीड, आणि सकाळी पुन्हा कामावर.

माझ्या मुलाला शिकवणाऱ्या एका सरांना मी विचारलं होतं, की पहिल्याच फेरीत हरून परत यायचं तर एवढा खटाटोप कशासाठी? ते म्हणाले, “आम्ही नाही गेलो तर ते लोक इकडे कशाला येतील?” मला ते पटलं. हार्म्सवर्थ पार्कवर दक्षिणेकडून पाहुणा संघ येतो तेव्हा त्यांची बस पाहूनच गावात हालचाल सुरू होते. चहाच्या खिडकीत ज्या बाई असतात त्या दुपारपासून खिम्याच्या ‘पाय’ (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) गरम करायला लावतात. मध्यंतराच्या सोडतीची तिकिटं विकायला एक काका वहीतून फाडून देतात, समोरच्याचं नाव स्वतःच्या हातानं लिहून. तुम्ही नवीन असाल तर नाव दोनदा विचारतात आणि पुढच्या सामन्याला त्याच नावानं हाक मारतात. माझं आडनाव त्यांनी ‘कुलकर्नी’ असं लिहिलं आणि तेच आता सगळ्या स्टँडमध्ये रूढ आहे.

वारा एवढा असतो की गोलकीपरनं मारलेली किक काही वेळा वळून त्याच्याच अर्ध्यात पडते. पाहुण्या संघांना ते झेपत नाही. आमचा खरा बारावा खेळाडू तोच.

फोर्ट विल्यमहून

मी इथे नर्स म्हणून २०१८ मध्ये आले. फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. पण कामावर पहिल्या आठवड्यापासून क्लबाचं नाव कानावर यायला लागलं आणि ते कौतुकानं नव्हे. त्या २०१८-१९ च्या हंगामात संघानं लीगच्या ३४ सामन्यांत २४५ गोल खाल्ले. दोन सामने बरोबरीत सुटले, त्याचे दोन गुण. नियमाबाहेरचा खेळाडू उतरवल्याबद्दल नऊ गुण कापले गेले. म्हणजे शेवटी उणे सात. बाहेरचे पत्रकार येऊन ‘ब्रिटनमधला सगळ्यात वाईट संघ’ असं लिहून जायचे.

लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट धड पाहिली नाही. इथली पोरं फुटबॉलच्या आधी शिंटी खेळतात, हातात वाकडी काठी घेऊन. गावातले चांगले खेळाडू तिकडे जातात, आणि उरलेल्यांतून संघ उभा करायचा. जवळचा मोठा गाव इन्व्हरनेस, तो दीड तासावर. तरीही दर आठवड्याला अकरा जण मैदानावर उतरत होते. पंधरा-पंधरा गोलांनी हरायची शक्यता दिसत असताना उतरत होते. मी याला अपयश म्हणायला तयार नाही.

मग २०१९ च्या उन्हाळ्यात, दोन वर्षांहून जास्त काळानंतर, ते एक सामना जिंकले. कुठे? याच उत्तरेच्या कपात, नेर्न काउंटीविरुद्ध. दुसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डात एका वृद्ध पेशंटनं नाडी बघू देण्याआधी मला निकाल सांगितला. स्वयंपाकघरातल्या ताई, पोर्टर, सगळे तेच बोलत होते. ज्यांनी कधी क्लॅगन पार्कवर पाय ठेवला नव्हता तेसुद्धा.

त्यानंतर मी जायला लागले. गोलामागे बेन नेव्हिस उभा असतो, ढग असले तर अर्धाच दिसतो. ऑगस्टमध्ये जाणार असाल तर मिजेससाठी तोंडाला लावायची जाळी नक्की न्या. वारा पडला की हे बारीक किडे कानात, पापण्यांत शिरतात. लाइनमन एका हातानं झेंडा धरून दुसऱ्यानं मान खाजवत असतो. २०२२ मध्ये क्लब हायलँड लीगमधून खाली उतरला. खूप वाईट वाटलं.

ब्रोराहून

थोडक्यात लिहितो. आमचं गाव साधारण तेराशे वस्तीचं. मार्च २०२१ मध्ये ब्रोरा रेंजर्सनं स्कॉटिश कपमध्ये एडिनबराच्या हार्ट्स या बड्या क्लबाला २-१ नं हरवलं ते सगळ्यांना माहीत आहे. महामारीमुळे प्रेक्षकांना आत सोडलं नव्हतं, त्यामुळे गावानं स्वतःच्या गावातला सगळ्यात मोठा विजय घरात बसून पाहिला. ज्यांनी तो सामना प्रत्यक्ष पाहिला नाही, ते त्यानंतरच्या उत्तरेच्या कपाच्या प्रत्येक सामन्याला हजर असतात. डजन पार्कवर या, जागा मिळेल.

ॲबर्डीनहून

माझा अनुभव शेजारच्या स्पर्धेचा, ॲबर्डीनशायर कपचा. तेलाच्या कामासाठी आलो, शनिवार रिकामा असायचा म्हणून हंटली, कीथ, फ्रेझरबरा असं फिरत गेलो.

एक तक्रार मांडतो. मोठे क्लब अशा स्पर्धांत आपला मुख्य संघ न पाठवता तरुण पोरांचा संघ पाठवतात. ॲबर्डीन हेच करतं, उत्तरेत रॉस काउंटी आणि इन्व्हरनेसचंही बहुतेकदा तेच. मग छोट्या गावानं जिंकलं तरी कोणाला हरवलं म्हणायचं? शिवाय २०१४-१५ पासून हायलँड लीगच्या विजेत्याला वर जाण्याची वाट खुली झाली. २०१९ मध्ये आमच्या इथल्या कोव्ह रेंजर्सनं ती चालूनही दाखवली. तेव्हापासून क्लबांचं लक्ष लीगवर जास्त. या जुन्या चषकांना पूर्वीचं वजन राहिलेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

एल्गिनहून, मूळ कोल्हापूर

ॲबर्डीनकर, रागावू नका, पण तुमच्याशी मी सहमत नाही.

मी मंगळवार पेठेत वाढलो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा सामना असला की आमच्या घरी दुपारचं जेवण अकराला उरकायचं. लीग असायचीच, पण लोक बोलायचे ते बाद फेरीच्या चषकांबद्दल. तिथे कधी कोणी विचारलं नाही की समोरच्यांचा कोण खेळाडू आज बसवला होता. टायब्रेकरवर गेलं की पेठ जिंकली किंवा पेठ हरली.

गेल्या वर्षी वडील इथे आले होते. त्यांना लॉसीमथच्या ग्रँट पार्कवर घेऊन गेलो, समोर अशाच एका मोठ्या क्लबाची अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. चपळ, पायात चेंडू चिकटलेला. लॉसीकडे तिशीतला एक सेंटर हाफ, बहुधा दिवसभर काम करून आलेला. त्यानं पहिल्या वीस मिनिटांत एका पोराला खांद्यानं असा अडवला की पोरगा जाहिरातीच्या फळीपर्यंत गेला. रेफरीनं फाउल दिला नाही. वडील उभे राहून ओरडले, “हाण की!” आजूबाजूच्या चार माणसांना शब्द कळला नाही पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या पोरानं उठून सेंटर हाफचा हात हातात घेतला आणि पुढचा तास दोघं एकमेकांशी जिवावर उदार होऊन खेळले.

त्या पोराला अकॅडमीच्या सामन्यांत असा माणूस भेटत नाही. गावालाही उद्या मोठं नाव होणारा खेळाडू हाताच्या अंतरावरून बघायला मिळतो. यात कप हलका होतो असं मला वाटत नाही.

नेर्नहून

फोर्ट विल्यमच्या ताई, त्या दिवशी हरलेलं गाव आमचं! वाईट वाटलं होतं, पण इथल्या म्हाताऱ्यांनीही मनापासून अभिनंदन केलं. आमचं स्टेशन पार्क रेल्वे स्टेशनला लागूनच आहे, गाडीनं येणाऱ्यांना याहून सोयीचं मैदान सापडणार नाही. माझी लेक चेंडू आणून द्यायला गोलामागे उभी असते, त्यामुळे माझा प्रत्येक सामना तिकडेच बघण्यात जातो.

इन्व्हरनेसहून, पुन्हा मीच

ॲबर्डीनकर आणि कोल्हापूरकर दोघांचंही म्हणणं मी शेजारच्या आजोबांना वाचून दाखवलं, इंग्रजीत करून. त्यांचं मत ॲबर्डीनकरांकडे झुकतं. मोठ्या क्लबांनी निदान उपांत्य फेरीपासून तरी मुख्य संघातले चार-पाच जण पाठवावेत, असं ते म्हणाले. मलाही ही अपेक्षा अवाजवी वाटत नाही.

फॉरेस, रॉथिस आणि ग्रँटाउनकडून अजून कोणी लिहिलेलं नाही. रॉथिसला डिस्टिलरीत काम करणारे आपले दोघं-तिघं आहेत हे मला माहीत आहे. मॅकेसॅक पार्कवर काय पाहिलंत ते लिहा, वाट बघतोय.