ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग डोक्यात नेमकं कधी शिरलं?

क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून घडलेली वस्तू, या व्याख्या सगळ्यांनीच घोकल्यात. पण खरा उजेड कधी पडला? फजितीचे किस्से आधी येऊ देत, टोपणनावाने लिहिलेत तरी चालेल. माझ्यापासूनच सुरुवात करते. वायव्हात 'पॉलिमॉर्फिझम म्हणजे एक नाव, अनेक रूपं' असं ठोकून दिलं, मार्कही मिळाले. मग टर्बो सी++च्या निळ्या स्क्रीनवर 'प्राणी' या बेस क्लासच्या (मूळ साच्याच्या) पॉइंटरमधून त्याच्या वारसाला, कुत्र्याला, भुंकायला सांगितलं, तर छापून आलं 'प्राण्याचा आवाज'. बेसमधल्या फंक्शनपुढे 'व्हर्च्युअल' (म्हणजे वारसाचं असेल तर ते चालव) लिहायचं राहिलं होतं. लिहिलं, भुंकला.

रात्रपाळी
पहिली नोकरी, काम एका पतसंस्थेचं. 'खाते' हा बेस क्लास, त्यात पैसेकाढा() ही मेथड, म्हणजे खात्याला करता येणारं काम. बचत, पिग्मी, मुदत ठेव सगळे त्याचे वारस. मुदत ठेवीतून मधेच पैसे काढता येत नाहीत, म्हणून मी तिथे एक्सेप्शन (काम तिथेच थांबवणारी चूक) फेकून ठेवलं आणि स्वतःवर खूश झालो. महिनाअखेरीला पैसेकाढा() वापरून एसेमेस चार्जेस कापणारा लूप सगळ्या खात्यांवरून फिरला. पहिली मुदत ठेव लागली आणि बॅच तिथेच आडवी. अर्ध्या सभासदांचे पैसे कापलेले, अर्ध्यांचे नाहीत. सकाळी मॅनेजरसाहेबांचा फोन: "अहो, हे काय करून ठेवलंय?"

आमच्या सीनियर मॅडमनी कोड बघून एवढंच विचारलं, "खाते म्हटलं की पैसे निघणार, असं तूच लिहिलंयस ना? मग लूपची काय चूक?" संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कॉव्ह यांनी 1987 साली मांडलेलं तत्त्व हेच: बेसच्या जागी वारस ठेवला तर वापरणाऱ्याचं काही बिघडता कामा नये. परीक्षेत मी ते चौरस-आयताचं उदाहरण देऊन (चौरस आयताचा वारस केला, तर नुसती रुंदी बदलायला जावं आणि लांबीही बदलते) लिहिलंही होतं! शेवटी 'खाते'मध्ये फक्त शिल्लक आणि खातेदार ठेवले. पैसे काढण्यासाठी वेगळा इंटरफेस (कुठलं काम करता येतं एवढंच सांगणारा करार) केला, तो बचतीला दिला, मुदत ठेवीला नाही. लूप आता त्या इंटरफेसवरूनच फिरतो.

कोबोलकाका
आमची हयात कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत गेली. जावा शिकायला बसलो तेव्हा ऑब्जेक्ट कशाला हवेत तेच कळेना. मग वाचलं की ही कल्पना नॉर्वेतली. डाल आणि न्यूगार्ड यांच्या सिम्युला 67 मधली, आणि ती भाषा होती सिम्युलेशनसाठी, म्हणजे खऱ्या गोष्टींची संगणकावर नक्कल करायला. म्हटलं, आपणही बँकेतली रांग लिहून पाहू. प्रत्येक ग्राहकाला स्वतःचा टोकन नंबर, स्वतःचं थांबणं. काउंटरला स्वतःची जेवणाची सुट्टी. तेव्हा कुठे पटलं. (जेवणाच्या सुट्टीमुळे रांग किती लांबते तेही कळलं.)

अतिहुशार
डिझाइन पॅटर्न (नेहमीच्या अडचणींवरचे ठरीव तोडगे) शिकलो आणि तेवीसच्या तेवीस कुठे ना कुठे खुपसायला निघालो. दोन रिपोर्टसाठी फॅक्टरी (ऑब्जेक्ट बनवून देणारा क्लास), तिच्यावर आणखी एक फॅक्टरी. तिसरा रिपोर्ट आजतागायत कुणी मागितलेला नाही.

नवशिकी
रात्रपाळी, पिग्मी एजंटचं कमिशन कुठल्या क्लासमध्ये ठेवलंत? आमच्याकडे सध्या तीन ठिकाणी आहे, आणि तिन्हींचं उत्तर वेगळं येतंय.