कबरी दाणा टिपत नाही

वहिनी: आत्या, जाग्या आहात का? आमच्या कबरी कोंबडीचं काहीतरी बिनसलंय. कालपासून दाण्याला चोच लावत नाही, पिसं फुगवून कोपऱ्यात उभी आहे. मानेखाली उजव्या बाजूला हाताला मोठी गाठ लागतेय.

आत्या: गाठ नव्हे गं, ती गळ्याची पिशवी. खाल्लेला दाणा आधी तिथेच साठतो. हात कधी लावलास? खाद्य घालायच्या आधी की नंतर?

वहिनी: आधी. खुराडं उघडल्या उघडल्या.

आत्या: मग अडकलंय. रात्री ती पिशवी भरलेलीच असते, त्यात काळजीचं काही नाही. पण उजाडेपर्यंत दाणा खाली उतरून ती सपाट व्हायला हवी. आता नीट चाचपून सांग, मळलेल्या पिठासारखी घट्ट आहे की पाणी भरलेल्या फुग्यासारखी लिबलिबीत?

वहिनी: घट्ट. दाबलं तर बोटाचा खळगा तसाच राहतो.

आत्या: चोच उघडून वास घे.

वहिनी: घेतला. आंबूस वगैरे नाही.

दादा: मी आत्ताच एक व्हिडिओ बघितला. कोंबडी उलटी धरायची आणि पिशवी दाबायची, सगळं चोचीतून बाहेर पडतं. करू का?

आत्या: नको!!

आत्या: अरे, अजिबात नको. श्वासनलिकेचं तोंड तिच्या जिभेच्या मागेच असतं. वर आलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं. माझी तांबडी मी अशीच घालवली. तिची पिशवी पाण्याने भरली होती, मीच तिला डोकं खाली करून धरलं. दोनदा पाणी आलं, मला वाटलं जमलं. तिसऱ्यांदा घशात घरघर झाली आणि तिने माझ्या मांडीवरच मान टाकली. इतकी वर्षं झाली तरी ती घरघर कानातून जात नाही. तू हे करू नकोस.

दादा: नाही करत, आत्या.

ताई: आत्या बरोबर सांगतेय. आमच्या कॉलेजच्या दवाखान्यातही असं घरी उलटं धरल्यावर धाप लागलेल्या कोंबड्या येतात. वहिनी, लिबलिबीत आणि आंबूस वास असता तर ते पिशवीतलं बुरशीचं दुखणं, त्याला कँडिडा नावाचं यीस्ट कारण असतं. त्यावर डॉक्टर बुरशीवरचं औषध देतात, बहुतेक निस्टॅटिन. तिथे अँटिबायोटिक दिलं तर उलट बुरशी वाढते. तुमचं मात्र घट्ट अडकल्याचं दिसतंय.

वहिनी: मग आता करू काय?

आत्या: आधी तिला बाकीच्यांपासून वेगळी ठेव, म्हणजे ती किती खाते आणि शीट कशी टाकते ते कळेल. खाली गवत-पेंढा नको, जुनं कापड घाल. आजचा दिवस खाद्य बंद, पण पाणी समोर हवंच. खाण्याचं तेल ड्रॉपरमध्ये घे, दोन-तीन मिली पुरे. घशात पिचकारी मारायची नाही. चोचीच्या कडेला एक थेंब सोड, ती गिळेल, मग दुसरा. थोड्या वेळाने तिला सरळ मांडीवर घेऊन बस आणि पिशवी बोटांच्या टोकांनी हळूहळू चोळ. गोळा कडेकडेने फोडायचा, मधे जोर द्यायचा नाही. पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. ती मान ताणायला लागली किंवा तोंडाशी पाणी आलं तर लगेच थांब.

काका: अक्का, पाण्यात व्हिनेगर घालतात ना? मी तर नेहमी घालतो.

ताई: काका, त्याने अडकलेलं सुटत नाही. आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात तर ते मुळीच घालू नका, आम्लाने जस्त पाण्यात उतरतं आणि ते पक्ष्यांना बाधतं.

काका: अरे बापरे. माझं भांडं तसलंच आहे. आजच बदलतो.

आत्या: सूनबाई, गेल्या चार दिवसांत वेगळं काय खाल्लं तिने?

वहिनी: परवा ह्यांनी मागचं गवत कापलं आणि सगळं तसंच कोंबड्यांपुढे टाकलं. चांगलं वीतभर लांब होतं.

आत्या: तेच असेल. उभं गवत त्या चोचीने तुकडे तोडून खातात. कापलेलं लांब गवत मात्र अख्खं गिळतात आणि आत त्याचा पीळ बसतो. खडे ठेवतेस ना त्यांच्यापुढे?

वहिनी: शिंपल्यांचा चुरा ठेवते की.

ताई: तो कवचाच्या कॅल्शियमसाठी, वहिनी. पोटातल्या आम्लात तो विरघळतो. पोट्यात दाणा दळायला न विरघळणारे कठीण बारीक खडे लागतात, ते वेगळ्या भांड्यात ठेवा. आणि छातीचं मधलं हाड चाचपून बघा, धारदार लागतंय का?

वहिनी: हो गं. सुरीच्या पाठीसारखं लागतंय. एवढी कधी वाळली कळलंच नाही, पिसांत दिसत नाही काही.

ताई: म्हणजे हे परवाचं नाही, आधीपासून आहे. पिशवी तुंबणं पुष्कळदा वरवरचं असतं. मूळ खाली असतं, जंत, पोट्यात अडकलेलं काही, अंड्याच्या वाटेचा आजार, नाहीतर मॅरेक्स, म्हणजे कोंबड्यांचा विषाणूचा आजार, त्यात नसा निकामी होतात. शीट तपासायला द्या. उद्या सकाळी पिशवी उतरली नाही तर तिला उपाशी ठेवून वाट बघत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.

*(दुसऱ्या दिवशी)*

वहिनी: सहाला हात लावला. थोडी मऊ आहे, पण भरलेलीच. शीट नुसती हिरवी, पाण्यासारखी.

आत्या: पोटात काही जात नाही म्हणून हिरवी. निघा आता.

दादा: निघालो. खोक्यात टॉवेल घालून ठेवलीय.

दादा: डॉक्टरांनी भूल देऊन पिशवी उघडली. आत गवताची मुठीएवढी गुंडाळी होती, दोरासारखी पिळलेली, आणि मधोमध सुतळीचा तुकडा. पोत्याच्या तोंडाची असणार, मीच कापून खाली टाकली होती. आत्ता अंगणभर फिरून सगळे तुकडे वेचले, अकरा मिळाले.

आत्या: शुद्धीवर आली का ती?

दादा: आली. डोळे उघडे आहेत, मान धरते. जंतांसाठी शीटही दिलीय तपासायला.

ताई: आता काही दिवस दाणा नको. भिजवलेला पातळ भरडा, थोडा-थोडा, दिवसातून चार-पाचदा. आणि औषध चालू आहे तोवर आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खायची नाहीत.

*(पाचव्या दिवशी)*

वहिनी: आत्या, आज खुराडं उघडायच्या आधीच हात लावला. सपाट! कातडी नुसती सैल लागतेय.

आत्या: शीट?

वहिनी: घट्ट, वर पांढरी टोपी. फोटो टाकू?

आत्या: टाक, टाक.