मदत हवी आहे: स्टार ट्रेलच्या रेषा तुटक येताहेत, आणि ध्रुवतारा फारच खाली

नमस्कार मंडळी,

आमचं वावर मेहकर तालुक्यात, गावापासून बरंच आत. अंधार चांगला मिळतो. उत्तरेच्या धुऱ्यावर एक जुना कडुलिंब आहे, त्याच्यामागे स्टार ट्रेल, म्हणजे ताऱ्यांच्या फिरण्याने फोटोत उमटणारी वर्तुळं, घ्यायची आहेत. कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा, लेन्स सोबत आलेली १८-५५, साधा इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायला लावणारा रिमोट). सेटिंग: १८ मिमी, एफ ३.५, आयएसओ १६००, ३० सेकंदांची फ्रेम, दर ३१ सेकंदांनी. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (दर फोटोनंतर तेवढाच वेळ काळी फ्रेम घेणारी सोय) बंदच आहे, त्यामुळे कृपया तेवढंच सांगून थांबू नका, शोधलं की पहिलं तेच सापडतं.

मुख्य दुखणं रेषांचं. स्टारस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एक फोटो केला (स्टॅक केलं) की झूम न करताही दिसतं: जेवढी रेघ तेवढीच मोकळी जागा, कच्चा टाका घातल्यासारखी. दोन तासांत सव्वादोनशेच्या वर फ्रेम यायला हव्यात, येतात निम्म्या. मेमरी कार्ड बदलून पाहिलं, फरक नाही.

दुसरं म्हणजे दहिवर. थंडीत अकरा वाजले की लेन्सवर बसतंच. पुसायला गेलं की कॅमेरा हलतो. शेजारी हरभऱ्याला ओलित सुरू असलं की जास्तच.

आणि हातातल्या बॅटऱ्या! रात्री पंपाची लाईन असली की कोणी मोटर पाहायला येतं, कोणी रानडुकरं हाकलायला, आणि झोत नेमका कडुलिंबावर. शेजारच्या काकांना विनंती केली तर म्हणाले, "फोटू काढाले अंधार कायले लागते बाप्पा?" त्यांचंही बरोबर आहे. अशा फ्रेम टाकून दिल्या तर रेषेत भोक पडतं, ठेवल्या तर झाड पांढरं होतं. काय करता तुम्ही?

शेवटचं: बाहेरच्या ट्युटोरियलमध्ये पूर्ण गोल वर्तुळं दिसतात. माझी खालून कापली जातात. जागा बदलू का?

प्रतिसाद १

निम्म्या फ्रेम म्हणालात तिथेच उत्तर आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत '३०' लिहिलेलं शटर प्रत्यक्षात ३२ सेकंद उघडं राहतं, कारण आत १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीचा हिशोब असतो. ३१व्या सेकंदाला इंटरव्हलोमीटर हाक मारतो तेव्हा कॅमेरा कामात असतो, ती हाक वाया जाते. पुढची ६२व्याला. म्हणजे एक आड एक. मध्यांतर ३४ करा. त्याहून सोपं म्हणजे कॅमेरा कंटिन्युअस (बटण दाबलेलं असेपर्यंत एकामागून एक फोटो) मोडवर टाका आणि रिमोटचं बटण लॉक करून ठेवा, मध्यांतराची भानगडच नको. उरलेली बारीक फट स्टारस्टॅक्सचा गॅप फिलिंग मोड भरतो. आधीच्या फ्रेम मात्र वाचणार नाहीत, अर्धा मिनिट कुठून आणणार?

प्रतिसाद २

ध्रुवाची उंची म्हणजे तुमचे अक्षांश. मेहकरला साधारण २० अंश. ध्रुवापासून २० अंशांच्या आतले तारेच तुमच्याकडे मावळत नाहीत, बाकीची वर्तुळं क्षितिज कापणारच. वावर बदलून फायदा नाही, पार काश्मीरला जावं लागेल. कॅमेरा उभा धरा: १८ मिमीला उभ्या चौकटीत साधारण ६६ अंश उंची मावते, आडव्यात ४७. पाया झाडाचा आणि वर मोठ्या कमानी, मला तर तेच जास्त आवडतं. एकदा पूर्वेकडेही तोंड करून पाहा, आपल्याकडे तारे जवळजवळ उभे चढतात.

वेळेचं गणित: तासाला १५ अंश. दोन तासांत ३० अंशांचा तुकडा, तेवढा पुरतो.

प्रतिसाद ३

दादा, दहिवर पुसू नका. मोकळ्या आभाळाखाली काच हवेपेक्षा जास्त थंड होते म्हणून ते बसतं. लेन्सला यूएसबीवर चालणारी हीटर पट्टी गुंडाळा, पॉवर बँक लावा, आणि पहिल्या फ्रेमपासूनच सुरू ठेवा. ओलिताच्या तुकड्यापासून लांब बसा.

बॅटरीच्या झोताचं: ती फ्रेम टाकू नका. झाड आणि जमीन तेवढी काळ्या ब्रशने रंगवा, आभाळ तसंच ठेवा. स्टॅक करतानाचा लाइटन मोड प्रत्येक ठिकाणी सर्वांत उजळ पिक्सेल घेतो, काळं त्याला दिसतच नाही. विमानाची रेघही अशीच जाते, फक्त ब्रश अगदी बारीक ठेवा, नाहीतर शेजारच्या ताऱ्याची रेषा तुटते. झाडासाठी संध्याकाळच्या उजेडात, कॅमेरा न हलवता, एक वेगळी फ्रेम घेऊन ठेवा.

आणि लाईनचं वेळापत्रक विचारून घ्या. आमच्याकडे दिवसाची लाईन असलेल्या आठवड्यात वावरात रात्री फारसं कोणी फिरकत नाही.

धागाकर्ता

३२ सेकंदांचं घड्याळ लावून तपासलं, खरंच! आता बटण लॉक करूनच घेतो. एक राहिलं: स्टारस्टॅक्स रॉ फाइल उघडत नाही. सगळ्या जेपीईजीतच काढल्या तर ताऱ्यांचे रंग जातील का?

प्रतिसाद १

जेपीईजीने नाही जात, जास्त एक्स्पोजरने जातात. आयएसओ ८०० करा, व्हाइट बॅलन्स ४००० केल्व्हिनला पक्का करा, ऑटो नको. शेवटी लेन्सला टोपी लावून त्याच सेटिंगच्या चार-पाच काळ्या फ्रेम घ्या, लाल-निळे ठिपके वजा करायला लागतील.