रोबोट व्हॅक्यूम ‘क्लिफ सेन्सर पुसा’ असे वारंवार का सांगतो?

प्रश्न: आमचा रोबोट व्हॅक्यूम दिवाणखान्यातील काळ्या गालिच्यापाशी पोहोचला की जागीच थांबतो आणि क्लिफ सेन्सर, म्हणजे तळाचा कडा ओळखणारा सेन्सर, पुसण्याची सूचना देतो. सेन्सर दोनदा पुसूनही फरक पडलेला नाही. घरात जिना नाही, मग ही कडा कसली?

उत्तर १: यंत्राच्या तळाशी असलेल्या छोट्या खिडक्यांतून इन्फ्रारेड प्रकाश खाली सोडला जातो आणि तो जमिनीवरून पुरेसा परत आला नाही, तर पुढे पायरी आहे असे यंत्र समजते, काळा रंग हा प्रकाश शोषून घेत असल्याने आपला गालिचा त्याला खड्डा वाटत असावा. सेन्सरवर चिकटपट्टी लावण्याचा सल्ला काही जण देतात, परंतु जिन्याच्या घरात तो महागात पडेल. अ‍ॅपमध्ये नकाशाची सोय असल्यास गालिच्याभोवती निषिद्ध क्षेत्र आखावे.

उत्तर २: आमच्याकडे वेगळीच, मुख्य ब्रश अडकल्याची सूचना येत असे. वरून ब्रश स्वच्छ दिसत होता. बाहेर काढल्यावर मात्र त्याच्या टोकाशी लांब केसांची घट्ट अंगठीच तयार झालेली आढळली, जी कात्रीने कापावी लागली.

प्रश्नकर्ता: गालिचा गुंडाळून ठेवताच यंत्राने विनातक्रार संपूर्ण खोली झाडली. आभारी आहे.