सहावीतल्या मुलीला कोडिंगचा क्लास लावावा का?

घणसोलीची आई: सोसायटीत सगळ्यांनी मुलांना कोडिंग लावलंय, क्लासवाले म्हणतायत आत्ता नाही शिकली तर मागे पडेल. खरंच एवढी घाई आहे का? फी पण बरीच आहे हो.

ऐरोलीचा बाबा: ताई मी आयटीतच आहे, घाबरवणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच सहावीपासून कोडिंग सांगितलंय, त्यामुळे आधी शाळेत काय शिकवतात ते विचारा आणि घरी स्क्रॅच चालू करून द्या, म्हणजे सूचनांचे ब्लॉक एकमेकांना जोडून मुलांना कोडिंग शिकवणारं सॉफ्टवेअर, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात बनलेलं, २००७ पासून आहे, एकदम फुकट. माझ्या मुलाची त्यातली मांजर स्क्रीनच्या कडेला जाऊन अडकायची, तर कडेला लागली की मागे फिरवणारा ब्लॉक त्याने स्वतः शोधून लावला, काय खूश झाला होता!

कळव्याची टीचर: मी गणित शिकवते. कोड आता एआय पण लिहून देतं, म्हणून नुसतं पाठ करून घेणाऱ्या क्लासला माझा विरोधच आहे. चूक कुठे झाली ते मुलांना शोधता आलं पाहिजे. आणि ज्यांच्या घरी फक्त आईचा मोबाईल आहे त्या पोरांचं काय, त्यांना शाळेतच कॉम्प्युटर मिळायला हवा ना.

घणसोलीची आई: पटलं. जुना लॅपटॉप आहे, चालेल?

ऐरोलीचा बाबा: ब्राउझरमध्ये चालतं, बघा उघडून.