खडा पडला, पण कशानं?

अमळनेरी

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, घामानं अंगातलं पाणी निघून जातं आणि लघवी घट्ट होते. खान्देशात मुतखडा न झालेलं घर शोधावं लागेल. तशीच बर्बेरिस या होमिओपॅथीच्या औषधाची बाटलीही प्रत्येक घरात सापडते. पाव कप पाण्यात दहा थेंब, दिवसातून तीनदा.

आमच्या आप्पांना ४ मिलीमीटरचा खडा होता. त्यांनी पंधरा दिवस थेंब घेतले आणि खडा पडला. मोहरीपेक्षा थोडा मोठा, करडा, हाताला काटेरी लागणारा. आप्पांनी तो काडेपेटीत कापसावर ठेवलाय आणि आल्यागेल्याला दाखवतात. मी शंका काढली की म्हणतात, "माले फरक पडना, आखो काय पुरावा जोयजे?"

ती काडेपेटी पाहूनच आमच्या थोरल्या काकांनी थेंब सुरू केले. त्यांचा खडा ११ मिलीमीटरचा होता आणि मूत्रनलिकेत अडकलेला होता. थेंब देणाऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी परत करायला सांगितलंच नाही. दोन महिन्यांत दुखणं थांबलं, सगळ्यांना वाटलं विरघळला. आठ महिन्यांनी ताप आला म्हणून जळगावला नेलं, तर किडनी फुगून निकामी झालेली. ती काढावी लागली. अडकलेला खडा तिथेच असतो आणि दुखणं मात्र थांबू शकतं, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मला राग आप्पांवर नाही, काकांवरही नाही. पण त्या थेंबांनी खडा पडतो ही समजूत तपासायला हवी, असं मला मनापासून वाटतं. तुमचे अनुभव सांगा. विरोधातलेही.

चोपड्याची लेक

दादा, काकांचं वाचून वाईट वाटलं. पण माझं ऐका.

माझ्या अंगावर दीड वर्ष पित्त उठायचं. रात्री बारा वाजता खाजवत उठायचे. मोठ्या दवाखान्यात टोकन ६४, चार तास बसायचं आणि आत गेलं की दोन मिनिटं. डॉक्टर मान वर न करता गोळी लिहायचे. गोळी होती तोवर बरं, संपली की पुन्हा तेच.

होमिओपॅथीवाल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सव्वा तास घेतला. झोप कशी लागते, कुशी कोणती, तहान किती, भीती कशाची वाटते, सगळं विचारलं. आई गेल्यानंतर हे सुरू झालं का, असंही विचारलं. तोपर्यंत मला ते कोणी विचारलं नव्हतं. मी तिथंच रडले. साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली दिली, टोपणात चार घ्यायच्या, हात लावायचा नाही, कच्चा कांदा-लसूण बंद. आमच्या घरात कांद्याशिवाय भरीत म्हणजे शिक्षाच, तरी पाळलं. पाच महिन्यांत पित्त गेलं. मी खोटं बोलत नाहीये, मग हे काय झालं?

धुळ्याचा वाटसरू

प्लासिबो झालं, म्हणजे औषध घेतल्याच्या विश्वासानंच बरं वाटलं, दुसरं काय. शिकलेली माणसंसुद्धा साखरेच्या गोळ्यांवर विश्वास ठेवतात, याला अडाणीपणा म्हणतात.

अमळनेरी

वाटसरू, हा शब्द मागे घ्या. ताईंचं पित्त खरं होतं आणि गेलं तेही खरं. दीड वर्ष न झोपलेल्या माणसाला अडाणी म्हणून आपलं म्हणणं पटत नसतं.

ताई, अंगावर उठणारं पित्त पुष्कळ जणांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. आणि आपण नवीन डॉक्टर शोधतो ते त्रास अगदी शिगेला पोचल्यावर, त्यानंतर तो उतरणारच असतो. त्या सव्वा तासानं तुम्हाला जे मिळालं, ते मी खोटं म्हणत नाही. माझा प्रश्न फक्त बाटलीतल्या गोळीबद्दल आहे.

केळीबाग

मी रावेरकडचा, केळी लावतो. दुकानदार दरवर्षी नवं टॉनिक गळ्यात मारतो. पहिली दोन वर्षं सगळ्या बागेवर मारलं, घड मोठे आले, खूश झालो. पुढं वडील म्हणाले, दोन ओळी कोरड्या सोड. सोडल्या. कापणीला वजन केलं तर कोरड्या ओळींचे घडही तेवढेच भरले. त्या वर्षी हवाच चांगली होती.

मला एवढंच विचारायचंय, मुतखड्यात कोणी कोरडी ओळ सोडलीय का?

सातपुड्याचा डॉक्टर

मी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीचा पदवीधर आहे, पायथ्याच्या गावात चौदा वर्षं दवाखाना चालवतो. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र आम्हीही शिकतो.

पहिली गोष्ट. बर्बेरिसचे थेंब म्हणजे मदर टिंक्चर. त्यात वनस्पतीचा अर्क खरोखर असतो, त्याला "नुसतं पाणी" म्हणू नका. दुसरी गोष्ट. मोठा खडा असेल तर मी स्वतः चिठ्ठी देऊन पाठवतो. काकांच्या बाबतीत जे झालं तो त्या माणसाचा निष्काळजीपणा, पद्धतीचा नाही. तिसरी गोष्ट. माझ्या गावात एमबीबीएस डॉक्टर राहायला येत नाहीत. रात्री दोनला दार वाजतं ते माझं. आणि कलकत्त्याचे महेंद्रलाल सरकार आठवा. आधुनिक वैद्यकाचे एम.डी., आधी होमिओपॅथीचे कडवे विरोधक. १८६७ मध्ये जाहीरपणे मत बदललं आणि त्यासाठी समव्यवसायिकांचा रोष पत्करला. पुढे १८७६ मध्ये विज्ञान संशोधनाची संस्था काढली. असा माणूस भोळा होता का?

अमळनेरी

डॉक्टरसाहेब, टिंक्चरबद्दल तुमचं बरोबर आहे, मी ते मान्य करतो. पण तुमच्या कपाटात ३० आणि २०० पोटेन्सीच्या बाटल्याच जास्त असतील ना? ३० म्हणजे एक थेंब ९९ थेंबांत, त्यातला एक पुन्हा ९९ मध्ये, असं तीस वेळा. म्हणजे एकावर साठ शून्यं इतक्या पटीनं पातळ. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा रेणू उरायची आशा संपते. तिसाव्या पायरीला एक रेणू मिळायचा तर पृथ्वीएवढे अब्जावधी गोळे पाणी प्यावं लागेल. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १८१० मध्ये आपला ग्रंथ लिहिला तेव्हा रेणू मोजायची सोय नव्हती, त्यांना दोष नाही. आपल्याला आज ती आहे.

महेंद्रलाल सरकार धाडसी होते, यात वाद नाही. पण त्यांच्या आधीच्या पिढीपर्यंत "मोठे" डॉक्टर तापात रक्त काढायचे, पारा पाजायचे. त्यापुढे काहीच अपाय न करणारी गोळी उजवी ठरणारच.

केळीबाग भाऊ, तुमच्या प्रश्नावर मी आठवडाभर शोधलं. कोरडी ओळ सोडलीय, पण अॅलोपॅथीच्या औषधासाठी. खडा पडावा म्हणून टॅमसुलोसिन नावाची गोळी डॉक्टर सर्रास देत. ब्रिटनमध्ये अकराशेहून जास्त रुग्णांवर तपासणी झाली, २०१५ मध्ये निकाल आला. मूत्रनलिकेत १० मिलीमीटरपर्यंतचे खडे. औषध घेणाऱ्यांपैकी साधारण ८० टक्के लोकांना चार आठवड्यांत पुढचा उपचार लागला नाही. आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी? तेही ८० टक्केच.

म्हणजे शंभरातल्या ऐंशी घरांत काडेपेटी तयार. त्या महिन्यात जे काही घेतलं असेल, थेंब, कुळथाचं कढण, बिअर, त्यालाच श्रेय. उरलेल्या वीस घरांकडे दाखवायला काही नसतं. आमच्या काकांचं घर त्यातलं.

२०१५ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेनंही सगळा पुरावा चाळला. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारात सापडला नाही.

चोपड्याची लेक

मग मी परत टोकन ६४ घेऊन बसू का? याचं उत्तर तुमच्याकडे नाही, दादा. मला गोळीत काही नव्हतं असं तुम्ही उद्या सिद्ध कराल, पण मला विचारणारं तरी कोण होतं?

अमळनेरी

नाही ताई, त्याचं उत्तर माझ्याकडे खरंच नाही.

सातपुड्याचा डॉक्टर

ब्रिटनची ती चाचणी मी वाचली नव्हती, वाचतो. पण माझ्याकडे म्हशींनाही गुण येतो. म्हशीला कसला प्लासिबो?

केळीबाग

डॉक्टरसाहेब, म्हैस सांगत नाही बरं वाटलं म्हणून. आपण बघतो आणि आपण ठरवतो. आमची गोठ्यातली एक काही न देताही चार दिवसांत चरायला लागली होती.

अमळनेरी

काल रात्री आप्पांच्या कुशीत पुन्हा कळ आली. त्यांनी पहिल्यांदा बाटलीच मागितली. मी थेंब स्वतः मोजून दिले, भांडलो नाही. सकाळी गाडी काढली आणि सोनोग्राफीला घेऊन आलोय. बाहेर बाकावर बसलोय, नंबर यायचाय.

सातपुड्याचा डॉक्टर

चांगलं केलंत. पाणी पाजत राहा. खडा किती मिलीमीटरचा आहे आणि किडनीला सूज आहे का, दोन्ही विचारा, आणि पुन्हा सोनोग्राफी कधी करायची तेही लिहून घ्या. दुखणं थांबलं तरी करा.