मदत हवी आहे: एम.ए. इंग्रजी, मराठी माध्यम

नमस्कार मंडळी. माझी भाची जुन्नरकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. यंदा पुण्यात इंग्रजी साहित्यात एम.ए.ला आहे. भाषेचं ती कसंबसं निभावते, शब्दकोश आहेच. अडतं ते संदर्भांवर. १६४९ मध्ये इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद, १६६० मध्ये राजेशाही परत, मधली अकरा वर्षं राजाच नाही. हे माहीत नसेल तर त्या काळातला कवी मिल्टन कुणावर का चिडलाय ते कसं कळणार? शिवाय पदोपदी बायबल. आपल्याला कर्ण-कुंती सांगावे लागत नाहीत, तसं तिकडच्यांना ते घरचंच.

अप्पा बळवंत चौकातली गाइडं आणली. परीक्षेपुरती ठीक, पण तिला पुढे प्राध्यापकीसाठीची सेट-नेट परीक्षा द्यायचीय.

तर इंग्लंडचा इतिहास आणि बायबलच्या कथा सोप्या भाषेत (मराठीतही चालेल) कशात वाचाव्यात? डेक्कन किंवा औंध भागात एकत्र वाचणारा विद्यार्थ्यांचा गट आहे का? आणि समीक्षेचे निबंध कुणी तपासून देईल का? योग्य फी देऊ. ‘इंग्लिश स्पीकिंग’चे क्लास कृपया सुचवू नका, ते दुखणं वेगळं.